मधली आणि जागली

तिला सगळे मधली म्हणतात. तीन बहिणींतली मधली म्हणून मधली. नाव ठेवताना कोणी डोकं शिणवलेलं नाही. थोरली लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. धाकटी शिकून परदेशात गेली, ती तेव्हापासून फक्त फोनच्या पडद्यावर दिसते. मधली होती तिथेच राहिली. आता पन्नाशी उलटली, तरी हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीतल्या नव्या पोरीही तिला मधलीताई म्हणतात, आणि कशाच्या मधली हे विचारावंसं त्यांनाही वाटलेलं नाही.

मधली दमलेली असते. आज जरा दमले, असं नव्हे. एखादीची ओळख करून देताना आपण सांगतो ना, उंच आहे, सावळी आहे, चष्मा लावते, तसं मधलीबद्दल सांगायचं तर ती दमलेली आहे. कोणी विचारलं, 'काय गं, बरं नाही का?' तर ती दचकते आणि म्हणते, 'नाही, चांगली आहे की.' ते खोटंही नसतं. बरं असणं म्हणजे नेमकं कसं, हे तिच्या लक्षात राहिलेलं नाही एवढंच.

पहाटे उठून अप्पांचं आवरायचं. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकू आपलं हातशिलाईचं काम घेऊन अप्पांपाशी येऊन बसल्या की धावत जाऊन बस गाठायची. लॉन्ड्री हॉस्पिटलच्या तळघरात आहे. वरच्या मजल्यांवरून मळक्या कपड्यांच्या गाड्या खाली येतात. रक्ताचे कपडे वेगळे, बाकीचे वेगळे, डॉक्टरांच्या कोटांचे खिसे आधी तपासायचे, कारण त्यांत पेनांपासून अर्धवट खाल्लेल्या बिस्किटापर्यंत काहीही निघतं. मधलीचं काम रोलरवर. ओली चादर दोघींनी दोन कोपऱ्यांना धरून तापलेल्या रोलरमध्ये सोडायची, पलीकडे दोघींनी झेलायची आणि घडी घालायची. रोलर कोणासाठी थांबत नाही. म्हणून तिथे एक नियम आहे. तो भिंतीवर लिहिलेला नाही, पण सुपरवायझरपेक्षा जुना आहे. बदलीची बाई मागून येऊन खांद्याला हात लावून 'जा तू' म्हणेपर्यंत जागा सोडायची नाही. आणि हात लागला की रेंगाळायचं नाही, 'एवढी एक चादर करते' म्हणायचं नाही, निघायचं. एरवी एकमेकींची उणीदुणी काढणाऱ्या त्या बायका एवढ्या एका बाबतीत मात्र एकदम पक्क्या आहेत.

दुपारी पाळी संपवून घरी आलं की अप्पा. अप्पा म्हणजे वडील. शाळेत शिपाई होते, जन्मभर घंटा वाजवली. अर्धांगवायूच्या झटक्यात उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. उरले ते दोन शब्द: 'तास झाला.' तहान लागली, तास झाला. लघवी लागली, तास झाला. उशी टोचते, टीव्हीचा कंटाळा आला, कोणाची तरी आठवण आली, सगळ्याला तास झाला. मधली आवाजावरून ओळखायला बघते आणि निम्म्या वेळा चुकते. मग पाणी दाखवते, भांडं दाखवते, आणि अप्पा दोन्हींना नाही म्हणून मान हलवतात आणि पुन्हा सांगतात, 'तास झाला.' शाळेत हे शब्द ऐकले की पोरं उड्या मारत बाहेर पळायची. घरात ते ऐकून मधली उठते.

तर अशा बाईच्या हातात पोरासोरांसाठी लिहिलेलं पुस्तक आलं ते भाचीमुळे. भाची म्हणजे थोरलीची मुलगी. वय चौदा, आणि तोंडाला विश्रांती नाही. सुट्टीत आली तेव्हा मधली भाजी निवडत होती, अप्पांची नखं कापत होती, कपडे वाळत घालत होती, आणि ही मागे मागे फिरत तीन पुस्तकांच्या मालिकेतल्या पहिल्या पुस्तकाची अख्खी गोष्ट सांगत होती. पुढच्या कुठल्या तरी काळातलं एक शहर. तिथे झोपेवर सरकारचा ताबा. माणसं झोपली की स्वप्नं बघतात, स्वप्नं बघितली की प्रश्न विचारतात, म्हणून प्रत्येकाला चार तास मोजून झोप. भोंगा झाला की उठायचं, नाही तर शिक्षा. काही पोरं एका तळघरात जमून चोरून झोपतात. पहिल्या भागात त्यांची टोळी जमते आणि नायिका आपल्या धाकट्या भावालाही तिथे घेऊन येते. जायच्या दिवशी भाचीनं दुसरा भाग मधलीच्या उशाशी ठेवला.

'हा तू स्वतः वाच. मी सांगणार नाही. यात एक बाई आहे मावशी, जागली नावाची. तिचा मला इतका राग आलाय! माझ्या सगळ्या मैत्रिणींना आलाय. तू वाच, मग आपण दोघी मिळून तिला शिव्या घालू.'

दोघी मिळून काहीही करायला मधलीला कोणी बोलावल्याला बरीच वर्षं झाली होती. ती लगेच हो म्हणाली.

हो म्हणणं सोपं होतं. मधली बसमध्ये पुस्तक उघडायची आणि स्टॉप आल्यावर शेजारी बसलेली बाई तिला हलवून उठवायची. चहाच्या सुट्टीत चादरींच्या ढिगाला टेकून उघडायची आणि कपाळ पानावर टेकायचं. एकच पान ती तीनतीनदा वाचायची, आणि तिसऱ्यांदाही ते नवंच असायचं. झोप चोरणाऱ्या पोरांची गोष्ट हातात धरून ही बया स्वतःच झोप चोरत होती, याचं तिला हसू यायचं, पण ते पुरतं ओठांवर यायच्या आत डोळे मिटलेले असायचे. तरी तिनं पुस्तक सोडलं नाही. दुसरा भाग म्हणजे तशी अडचणीचीच जागा. नवलाई पहिल्यानं संपवलेली, शेवट तिसऱ्यानं राखून ठेवलेला, मध्ये याच्या वाट्याला नुसतं निभावून नेणं. त्यात सगळेच थकलेले होते, कोणाचंच काही मार्गी लागत नव्हतं. मधलीला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

भाचीचा फोन आला.

'कुठपर्यंत आलीस?'

'ते नवीन भोंगा बसवतात तिथपर्यंत.'

'अगं, ते तर सुरुवातीलाच आहे!'

'हो का? मला वाटलं बरंच झालं.'

'पण भयानक आहे ना गं सगळं? नुसती चार तास झोप! विचार कर.'

मधलीनं खरोखरच विचार केला. 'सलग मिळते का?'

'काय?'

'चार तास. सलग, की मध्ये मध्ये उठावं लागतं?'

'सलगच. भोंगा होईपर्यंत कोणी उठवत नाही.'

'मग बरं आहे की,' मधली म्हणाली.

पलीकडून काहीच आवाज आला नाही. मधलीला वाटलं फोन कटला. ती दोनदा हॅलो हॅलो म्हणाली. मग भाची म्हणाली, 'हो, ऐकतेय मी,' आणि लवकरच फोन ठेवला. आपलं काहीतरी चुकलं, एवढं मधलीला कळलं. काय चुकलं ते कळलं नाही.

पुढे जागली आली. लेखकानं तिला ना धड चेहरा दिला होता ना घर. पोरं तळघरात झोपली की ही जिन्याच्या तोंडाशी बसायची, आणि पहारेकरी येताना दिसले की पत्रा वाजवायची. तिनं नायिकेला शब्द दिला होता, मी बसलेय तोवर तुझ्या भावाच्या केसाला धक्का लागणार नाही. त्या शब्दाला ती जागली, म्हणून तिचं नाव जागली. पोरं ताजीतवानी होऊन उठायची, भिंतींवर घोषणा लिहायची, एकमेकांच्या प्रेमात पडायची, भांडायची. जागली तिथेच.

मधली तिच्यासाठी बदली शोधू लागली. कुठे तरी एखाद्या ओळीत असणार, की मग दुसरी कोणी आली, हिच्या खांद्याला हात लावला आणि ही घरी गेली. आपलीच डुलकी लागून ती ओळ सुटली असणार, अशा समजुतीनं तिनं मागची पानं पुन्हा चाळली. नव्हती. मधलीला लेखकाचा राग आला. तिनं रोलरवरच्या जोडीदारिणीला चादर धरल्या धरल्या सगळं सांगितलं.

'बघ ना. रोज तीच बसते.'

'मरू दे गं, पुस्तकातली आहे ती,' जोडीदारीण म्हणाली. 'कोपरा नीट धर.'

मग ती दुपार आली. जेवणं झाली होती, अप्पा डोळे मिटून पडले होते, शेजारी खुर्चीवर मधली पुस्तक घेऊन बसली होती. गोष्टीत जागलीच्या पापण्या जड झाल्या होत्या. ती स्वतःला चिमटे काढत होती, पत्र्याची कड तळव्यात रुतवून घेत होती, आणि मधली मनातल्या मनात तिला सांगत होती, अगं बाई, उठून दोन फेऱ्या मार, तोंडावर पाणी मार. एवढं तिला आठवतं.

जाग आली ती धप्प आवाजानं. अप्पा खाली फरशीवर होते, कपाळातून रक्त येत होतं आणि डावं मनगट, तेवढं एकच चांगलं होतं, ते विचित्र वाकलं होतं. 'तास झाला' म्हणाले असणार. एकदा म्हणाले, दोनदा म्हणाले, किती वेळ म्हणत राहिले कोण जाणे, आणि शेवटी आपलं आपण उठायला गेले. आताही ते तेच म्हणत होते, पण रडत. मधलीला जन्मात इतकी लाज वाटली नव्हती.

प्लास्टर झालं, कपाळाला टाके पडले. थोरली धावत आली. ती काही वाईट नाही. तिचे गुडघे गेलेत, घरी सासू आहे, आणि घाबरली की तिचं तोंड सुटतं. खुर्चीखाली पालथं पडलेलं पुस्तक तिनंच उचललं.

'हे वाचत बसली होतीस?'

'वाचत नव्हते. झोप लागली.'

'अगं, तुझं वय काय, हे वाचतेस काय! आणि अप्पांसमोर झोप कशी लागते गं तुला?'

धाकटी फोनच्या पडद्यावर होती. तिथे तिच्याकडे लख्ख सकाळ होती आणि ती कॉफी पीत होती. दोघींचं मधलीच्या डोक्यावरून बोलणं झालं आणि ठरलंही. असं पुन्हा व्हायला नको. सकाळी लॉन्ड्री, दुपारी अप्पा, हे काही आता झेपणारं दिसत नाही. तेव्हा मधलीनं नोकरी सोडावी आणि पूर्ण वेळ घरी राहावं. थोडीफार मदत दोघी पाठवतील.

'रविवारी येते, तेव्हा पक्कं करू,' थोरली जाताना म्हणाली. 'तुझ्याच भल्याचं आहे. तेवढीच तुझी धावपळ कमी.'

मधली 'बघते' म्हणाली. आपली चूक झाली आहे, तेव्हा बोलायला तोंड नाही, असंच तिला वाटत होतं. पण तो सगळा आठवडा रोलरपाशी उभं राहिलं की तिला रविवार आठवायचा. लॉन्ड्री म्हणजे काही माहेर नव्हे. वाफेनं जीव नकोसा होतो, पाय सुजतात. पण पाळी संपते. मागून कोणी तरी येतं, खांद्याला हात लावतं, आणि पुढच्या चादरीचं काय झालं याची काळजी दुसरी करते. नोकरी गेली की हा हात गेला. मग घरात ती आणि अप्पा, आणि तास झाला, तास झाला, तास झाला.

पुस्तक तिनं त्याच आठवड्यात संपवलं, जागेपणी, उभ्या उभ्या, स्वयंपाकाच्या ओट्यापाशी. बसायची तिला भीती वाटत होती. जागलीला झोप लागली. पहारेकरी आले, नायिकेचा भाऊ पकडला गेला. पोरांनी जागलीला घेरलं, कोणी तिच्या तोंडावर थुंकलं, कोणी फितूर म्हणालं, आणि तिला जिन्यावरून वर हाकलून दिलं. नायिकेनं भावाला सोडवायची शपथ घेतली आणि दुसरा भाग संपला. मधलीनं शेवटचं कोरं पानही उलटून पाहिलं.

रविवारी थोरली आली, बरोबर भाची. मधली अप्पांना भरवत होती. भाचीनं आल्या आल्या पुस्तक कुठे आहे ते बघितलं.

'वाचलंस? संपवलंस? आला की नाही तिचा राग?'

'नाही आला,' मधली म्हणाली.

'अगं मावशी! तिच्यामुळे तो पकडला गेला! एवढं एक काम होतं तिला.'

'हो. एवढंच होतं.' मधलीनं चमचा वाटीत ठेवला. 'मी सगळं पुस्तक शोधलं गं. बदली कुठेच नाही तिला. आमच्याकडे साध्या चादरीसाठी बदली असते. मागून येऊन खांद्याला हात लावतात, जा तू म्हणतात, मगच जागा सोडायची. तिच्या खांद्याला कोणी हात लावला? एवढी पोरं तिच्या जिवावर झोपली. एकानं तरी विचारलं का, की बाई, तू कधी झोपतेस?'

तिचा आवाज चढला होता आणि ते तिच्या लक्षात आलं नव्हतं. दारात थोरली पाण्याचा पेला हातात घेऊन उभी होती.

'पुस्तकाचं काय एवढं मनाला लावून घेतेस,' थोरली म्हणाली, पण हळू.

'नोकरी मी सोडणार नाही,' मधली म्हणाली. अप्पांच्या ओठांवरचं तिनं फडक्यानं टिपलं, थोरलीकडे न बघता. 'मला झोप लागली, ते चुकलंच. पुन्हा लागेल. मी दमलेय गं ताई. मला नोकरीपासून सुटका नकोय, बदली हवी आहे. इथे.'

थोरलीनं पेला खाली ठेवला. गुडघ्यांचं म्हणाली, सासूचं म्हणाली, मला काय हौस आहे का असंही म्हणाली, आणि सगळं खरं होतं. भाची पुस्तक छातीशी धरून उभी होती आणि मावशीकडे बघत होती. फोनवर गप्प झाली होती, तेव्हाही बहुधा ती अशीच बघत असणार.

तिनं पुस्तक अप्पांच्या पायथ्याशी ठेवलं, खुर्चीच्या मागे गेली आणि मधलीच्या खांद्यावर हात ठेवला.

'जा तू,' ती म्हणाली.

पोरीनं ऐकलेलं तेवढं केलं होतं. तिला काय माहीत, इतक्या वर्षांच्या सवयीचं! मधलीचं डोकं काही म्हणायच्या आत पाय उठले. वाटी तिथेच, चमचा तिथेच. आतल्या खोलीत जाऊन पाठ टेकल्यावर तिला वाटलं, अप्पांचं औषध सांगायचं राहिलं, आणि ते वाटणं पुरतं व्हायच्या आत ती झोपली.

किती वेळ गेला कळलं नाही. पाण्याखालून यावा तसा आवाज आला.

'तास झाला.'

'चार वाजलेत, अप्पा,' थोरली सांगत होती. 'हे बघा घड्याळ.'

'तास झाला.'

'अहो, दाखवलं ना आत्ता? चार. संध्याकाळ व्हायचीय अजून.'

'तास झाला!'

'तेच तर सांगतेय... अगंबाई! अरे देवा, सगळी गादी... मधले! अगं मधले, ऊठ जरा...'

'आई, तिला हाक मारू नकोस,' भाचीचा आवाज आला. 'तिची पाळी संपलीय.'

'अगं पण ही चादर...'

'आपण बदलू. तू तो कोपरा धर.'

आत मधलीचे पाय कधीच पलंगावरून खाली गेले होते आणि चपला शोधत होते. ती तशीच बसून ऐकत राहिली. बाहेर चादर ओढल्याचा आवाज झाला, थोरली कण्हली, 'अशी नव्हे, तिकडून,' कोणी तरी म्हणालं. मधलीनं पाय वर घेतले.